एक डिस्क आधीच बाहेर, दुसरी जायच्या वाटेवर: फोटो स्टुडिओच्या नॅसमधून डेटा काढण्याचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला एक फोटो-व्हिडिओ स्टुडिओ. काम लग्नांचं, साक्षगंधाचं, शाळांच्या स्नेहसंमेलनांचं. दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्या संगणकांना फाइली पुरवणारा डिस्कचा बॉक्स), प्रत्येक डिस्क ४ टीबीची, मांडणी रेड १ ची, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर. भरलेली जागा सुमारे २.९ टीबी. स्टुडिओतले दोन्ही संगणक थेट नॅसवरूनच अल्बम आणि व्हिडिओ एडिट करत होते. या डेटाची दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. 'दोन डिस्क आहेत ना' हाच बॅकअप समजला गेला होता.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, फोल्डर उघडायला मिनिटं लागू लागली. एका लग्नाची फाइल दर वेळी त्याच जागी अडायची. नॅसच्या पानावर 'डिग्रेडेड' (रेडमधली एक डिस्क कमी) असा शेरा दिसत होता, पण तो आजकालचा नव्हता. लॉग मागे नेल्यावर कळलं की पहिल्या खान्यातली डिस्क नोव्हेंबरमध्येच, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, रेडमधून बाहेर पडली होती. तेव्हा बझर वाजला, कुणीतरी तो बंद केला, आणि फाइली उघडत होत्या म्हणून विषय तिथेच संपला. त्यानंतरचे सहा महिने सगळा धंदा दुसऱ्या खान्यातल्या एकट्या डिस्कवर चालला.

गावातल्या संगणक दुकानातून सल्ला मिळाला, "भाऊ, नवी डिस्क टाका ना, आपोआप भरून येते." टाकली. रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत भरणं, ११ टक्क्यांवर अडकलं आणि दुसऱ्या खान्याचा दिवाही लाल झाला. सुदैवानं मालकांनी यापुढे बॉक्सला हात न लावता तो बंद केला. डेटा वाचला त्यात या एका निर्णयाचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

रिबिल्ड इथे का घातक होतं?

तो सल्ला एरवी चुकीचा नाही. उरलेली डिस्क धडधाकट असेल तर नवी डिस्क टाकणं हेच करायचं असतं. पण रेड १ चं रिबिल्ड म्हणजे उरलेल्या डिस्कचा पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत प्रत्येक सेक्टर (डिस्कवरच्या जागेचा सगळ्यात लहान तुकडा) वाचणं. त्यात रिकामी जागाही आली. निरोगी ४ टीबी डिस्कला सरासरी १३० एमबी प्रति सेकंद या वेगानं साडेआठ तास लागतात. ज्या डिस्कचं एखादं वाचणारं हेड अशक्त झालंय किंवा पृष्ठभागावर खराब पट्टे पडलेत, तिला हे साडेआठ तास सलग, विश्रांतीशिवाय काढायचे असतात. नॅसचं सॉफ्टवेअर खराब जागा ओलांडून पुढची चांगली जागा आधी वाचून घेत नाही. ते तिथेच धडका देतं, आणि शेवटी डिस्कच बाद ठरवतं. जी डिस्क कदाचित आणखी दोन-तीन दिवस वाचता आली असती, तिचं उरलेलं आयुष्य रिकामी जागा वाचण्यात जातं.

म्हणून मरू घातलेल्या डिस्ककडून आधी प्रत काढून घ्यायची. रेड दुरुस्त करणं, फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी) तपासणं, फाइली शोधणं, हे सगळं त्या प्रतीवर करायचं.

दोन्ही डिस्कची तपासणी

तपासायला घेण्याआधी आम्ही प्रत्येक डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावून खान्याचा क्रमांक आणि सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक लिहिले. नंतर त्या एका जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला थेट जोडल्या. यूएसबी डॉक या कामाला नको. बहुतेक यूएसबी-साटा चिप वाचनात चूक आली की स्वतःच लटकतात, आणि मग डिस्क खराब की डॉक अडकला हे कळायला मार्ग राहत नाही.

संगणक सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. विंडोजमध्ये अशी डिस्क जोडली की 'इनिशिअलाइझ करायची का', 'फॉरमॅट करायची का' असे प्रश्न येतात, आणि घाईत एक 'हो' पुरतो. लिनक्समध्येही एक गोष्ट पाहावी लागते: सुरू होताना त्यानं रेड आपणहून जोडलं असेल तर ते आधी थांबवायचं आणि मूळ डिस्क 'फक्त वाचन' स्थितीत टाकायची.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते (स्मार्ट), ती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनानं दोन्हींचे आकडे पाहिले आणि प्रकरणाला वेगळंच वळण लागलं.

दुसऱ्या खान्यातल्या डिस्कवर ५ क्रमांकाची ओळ (बदललेले सेक्टर) हजाराच्या पुढे, १९७ (वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर) चार आकडी, १८७ आणि १९८ (दुरुस्त न झालेल्या चुका) याही ओळी वाढलेल्या. आयुष्यातलं कमाल तापमान ६३ अंश. अशा डिस्कची मर्यादा साधारण ६० ते ६५ अंशांची असते. नॅस टिनाच्या छताखाली, काउंटरच्या वरच्या बंद फळीवर ठेवलेला होता आणि मागच्या पंख्याची जाळी धुळीनं आणि कापसाच्या तंतूंनी गच्च झाली होती. बाहेर ४५ अंश असताना त्या फळीवर काय होत असेल याचा अंदाज ६३ या आकड्यावरून येतो. उष्णता हेच एकमेव कारण असं छातीठोक म्हणता येत नाही, पण ती सोबतीला होती हे नक्की.

पहिल्या खान्यातल्या, नोव्हेंबरात 'मेलेल्या' डिस्कवर मात्र ५, १९७, १९८ या तिन्ही ओळी शून्य. फक्त १९९, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वहनात झालेल्या चुका, खूप वाढलेली. हा दोष पृष्ठभागाचा किंवा हेडचा नसतो. खान्यातला कनेक्टर सैल असणं, त्यावर धूळ-ओल बसणं, किंवा वीज खाली-वर होताना अडॅप्टरचा पुरवठा डळमळणं ही त्याची नेहमीची कारणं. उन्हाळ्यात कुलरची दमट हवा, पाण्याचे क्षार आणि धूळ अशा कनेक्टरवर थर धरतात. डिस्क बाद नव्हती, तिचा संपर्क तुटला आणि नॅसनं तिला काढून टाकलं, इतकंच.

म्हणजे हातात होतं ते असं: एक निरोगी डिस्क, पण नोव्हेंबरपर्यंतचाच मजकूर असलेली. आणि एक आजारी डिस्क, जिच्यावर आजवरचं सगळं आहे. नोव्हेंबर ते मे एवढंच काय ते फक्त आजारी डिस्कवर होतं.

जुनी निरोगी डिस्क बॉक्समध्ये परत घालायची नाही

'पहिली डिस्क तर चांगली आहे, तीच परत लावू' हा मोह इथे साहजिक होतो. त्यात दोन प्रकारे घात होतो.

लिनक्सचं रेड प्रत्येक डिस्कवर एक 'इव्हेंट' क्रमांक ठेवतं. एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या तपासणी पर्यायानं तो आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. ज्या डिस्कचा क्रमांक मागे, ती जुनी. दोन्ही डिस्क एकत्र लावून रिबिल्ड सुरू केलं तर क्रमांक पुढे असलेल्या आजारी डिस्ककडून जुन्या निरोगी डिस्कवर लिहिलं जातं. मध्येच आजारी डिस्क पडली, तर निरोगी डिस्कचा पुढचा भाग नवा, मागचा भाग जुना, अशी खिचडी होते आणि दोन्ही हातचे जातात. दुसरा प्रकार: जुनी डिस्क एकटी लावून बॉक्स सुरू केला, फाइली दिसल्या, स्टुडिओनं त्यावर काम सुरू केलं. मग तिचं स्वतःचं वेगळं आयुष्य सुरू होतं आणि पुढे दोन्हींचा मेळ घालणं फार जड जातं.

एमडीएडीएमचा 'क्रिएट' पर्याय तर या कामात अजिबात नको. काही सल्ल्यांमध्ये तो 'रेड पुन्हा बनवा' म्हणून येतो. तो नवा सुपरब्लॉक (रेडची ओळख आणि मांडणी लिहिलेला भाग) लिहितो, आणि डेटा कुठून सुरू होतो तो आकडा आवृत्तीनुसार बदललेला असला की फाइल सिस्टिम सापडेनाशी होते.

सामान आणि वीज

नागपूरहून, सीताबर्डीतून, एक ८ टीबीची डिस्क मागवली. रिबिल्डसाठी आणलेली नवी ४ टीबी डिस्क होतीच. इथे एक हिशेब चुकण्यासारखा आहे. दोन ४ टीबी डिस्कच्या पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये घेतलेली प्रत) एका ८ टीबी डिस्कवर बसत नाहीत. ४ टीबी डिस्कचे नेमके बाइट ४०,००,७८,७०,३०,०१६ म्हणजे सुमारे ४.०००८ लाख कोटी. त्याची दुप्पट ८ टीबी डिस्कच्या एकूण जागेपेक्षा सुमारे १० एमबीनं जास्त भरते, आणि वर फाइल सिस्टिमची स्वतःची जागा वेगळीच. म्हणून वाटणी अशी केली: ८ टीबीवर आजारी डिस्कची इमेज आणि उरलेल्या जागेत काढलेल्या फाइली, तर नव्या ४ टीबीवर निरोगी जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. इमेज ठेवायची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केली. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तिथे हे काम होतच नाही.

ग्रामीण भागात या कामाचा खरा शत्रू म्हणजे मध्येच लाइन जाणं. प्रतीची प्रगती मॅपफाइल या वेगळ्या फाइलमध्ये नोंदली जात असते, त्यामुळे काम वाया जात नाही. पण आजारी डिस्क दर वेळी थांबून पुन्हा फिरायला लागणं हा तिच्यावरचा मोठा ताण आहे, आणि अशी डिस्क बरेचदा अशाच एखाद्या सुरुवातीला कायमची बसते. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो, तो पुरत नाही. घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएच बॅटरी असेल तर सगळी घट धरूनही ८०० ते १००० वॅट-तास हाती राहतात, आणि मॉनिटर बंद ठेवलेला डेस्कटॉप ७०-८० वॅटवर सहज दहा तास चालतो. इन्व्हर्टरवरचा स्विच मात्र 'यूपीएस' बाजूला हवा. दुसऱ्या बाजूला बदलाला लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, संगणक मात्र रीस्टार्ट होतो. शिवाय त्या स्थितीत तो खूप खाली-वर झालेला व्होल्टेजही तसाच पुढे सोडतो.

काम संध्याकाळी सुरू केलं, डिस्क सपाट फळीवर रबरी पट्ट्यांवर ठेवली आणि समोर टेबल फॅन लावला. लक्ष्य ४५ अंशांच्या आत. कुलर खोलीबाहेर. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा जो उपाय फिरत असतो तो करू नये. बाहेर काढताच आतबाहेर पाणी धरतं आणि फिरत्या प्लॅटरवर (आतल्या चकतीवर) त्याचं काय होतं ते सांगायला नको.

एवढं सगळं करण्याआधी एक अट होती: डिस्कचा आवाज. फिरताना सारखा ठराविक अंतरानं टक्-टक् येत असता, किंवा फिरायचीच बंद असती, तर इथे काहीच करायचं नव्हतं. लगेच वीज तोडून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंमी फोम लावून ती स्वच्छ-कक्ष असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा काढून लावणं आजच्या डिस्कवर चालत नाही, कारण त्या-त्या डिस्कच्या हेडची मापं बोर्डावरच्या रॉममध्ये असतात. या डिस्कचा आवाज सरळ होता, म्हणून पुढे गेलो.

प्रत काढताना

अवजार जीएनयू डीडीरेस्क्यू. नाव सारखं वाटलं तरी डीडी या लिनक्सच्या साध्या प्रत काढणाऱ्या साधनानं हे काम करू नये. डीडी पहिल्या चुकीवर थांबतं, आणि चूक सोडून पुढे जायला सांगितलं तरी कुठे काय सुटलं याची नोंद ठेवत नाही. डीडीरेस्क्यू आधी सगळं सहज वाचता येणारं घेतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि प्रत्येक तुकड्याची स्थिती मॅपफाइलमध्ये लिहितं: अधिकचं चिन्ह म्हणजे वाचलं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावला नाही, तारांकन म्हणजे कडा तपासायच्या आहेत, तिरकी रेघ म्हणजे आतून खरवडायचं आहे, आडवी रेघ म्हणजे खराब.

पहिली फेरी 'खरवडू नको' (लहान लिपीतला एन) या पर्यायासह, थेट वाचन (डी) चालू करून, सेक्टर आकार ४०९६ देऊन. थेट वाचनामुळे लिनक्सचा कॅश (वाचलेलं तात्पुरतं साठवायची मेमरी) मध्ये येत नाही, नाहीतर एका खराब सेक्टरसाठी तो आजूबाजूचेही मागत बसतो. ४०९६ यासाठी की डिस्कचा भौतिक सेक्टर तेवढाच आहे, ५१२ नी मागितलं तर एकाच खराब सेक्टरवर आठ वेळा धडक बसते. हा आकडा सगळ्या फेऱ्यांत तोच ठेवायचा. मॅपफाइल पेनड्राइव्हवरून चाललेल्या लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नये, लाइन गेली की ती जाते. ८ टीबी डिस्कवरच ठेवली.

स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल ही इथली सगळ्यात महागडी चूक. डिस्कची अक्षरं प्रत्येक सुरुवातीला बदलू शकतात, म्हणून अक्षरावर न जाता सिरीयल नंबर असलेला 'बाय-आयडी' मार्ग वापरला आणि चिकटपट्टीवरचे चार अंक पुन्हा जुळवले.

पहिल्या फेरीत सुमारे ६ जीबी मागे राहिलं, बाकी सगळं आलं. मागे राहिलेलं दोन ठिकाणी एकवटलेलं होतं. मध्ये एकदा चुकांचा आकडा झपाट्यानं पळू लागला आणि वेग शून्यावर आला. डिस्क इतकी भराभर खराब होत नसते. हे दिसलं की समजायचं, डिस्क सिस्टिममधून गायब झाली आहे आणि डीडीरेस्क्यू न वाचताच पुढचं सगळं 'अडलं' म्हणून खुणावत चाललंय. लगेच थांबवलं, डिस्कची वीज बंद करून पुन्हा दिली, आणि 'पुन्हा प्रयत्न' (मोठ्या लिपीतला ए) हा पर्याय दिला. तो खोट्या खुणा पुसून ती जागा 'अजून हात लावला नाही' मध्ये परत टाकतो. हे माहीत नसेल तर माणूस 'अर्धी डिस्क गेली' म्हणून सोडून देतो.

गायब होण्यामागचं कारण बहुधा वेळमर्यादा असतं. नॅससाठीच्या डिस्क एका सेक्टरवर साधारण ७ सेकंदांत माघार घेतात. साध्या डेस्कटॉप डिस्क मिनिट-मिनिट झगडतात, आणि लिनक्स ३० सेकंदांनंतर कंटाळून डिस्कला रीसेट मारतं. ही डिस्क नॅसची असली तरी कधी कधी वेळ पाळत नव्हती, म्हणून लिनक्सची मर्यादा ३० वरून १८० सेकंद केली. पुढे ती गायब झाली नाही.

दुसऱ्या फेरीत खरवडणं. तिसरी फेरी उलट्या दिशेनं, शेवटाकडून सुरुवातीकडे. काही सेक्टर एका बाजूनं येत नाहीत ते दुसऱ्या बाजूनं येतात. अखेर ४१ एमबी उरलं, म्हणजे ४०९६ च्या हिशेबानं सुमारे १०,००० सेक्टर. इथे थांबायचं की आणखी प्रयत्न करायचे? प्रत्येकी ७ सेकंद धरले तर एका फेरीला १९ तासांवर लागतात. एक फेरी दिली, त्यात फारसं काही निघालं नाही, डिस्कचं तापमान वाढू लागलं, आणि ती बंद करून पिशवीत ठेवली. आमच्या मते जुनी प्रत हाताशी असताना शेवटच्या काही एमबीसाठी डिस्क झिजवण्यात अर्थ नसतो. जुनी प्रत नसती तर आणखी फेऱ्या दिल्या असत्या.

निरोगी डिस्कची प्रत एका दमात, एकाही चुकीशिवाय निघाली.

इमेजमधून फाइली

आता मूळ डिस्क कपाटात, काम सगळं इमेजवर. इमेज 'फक्त वाचन' लूप म्हणून, म्हणजे जणू ती खरी डिस्कच आहे अशी, जोडली. आत तीन भाग दिसले: दोन लहान, नॅसच्या स्वतःच्या सिस्टिमचे आणि स्वॅपचे, तिसरा मोठा, डेटाचा. तिसऱ्यावर रेड, रेडच्या पोटात एलव्हीएम (जागेची वाटणी करणारा थर), त्याच्या पोटात ईएक्सटी४. एमडीएडीएमला 'फक्त वाचन' आणि 'एकच डिस्क असली तरी चालव' असं सांगून रेड उभं केलं, एलव्हीएमचा गट सुरू केला, आणि ईएक्सटी४ 'नोलोड' पर्यायासह माउंट केलं. नोलोड नसेल तर ते जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) पूर्ण करायला जातं, इमेजवर लिहिता येत नाही म्हणून अडतं, आणि माणसाला वाटतं फाइल सिस्टिमच गेली.

बहुतेक फोल्डर उघडले, दोन फोल्डर मात्र रिकामे दिसले. खराब सेक्टर त्यांच्या यादीवर पडले होते. इथे फाइल सिस्टिम तपासणारं साधन चालवावं लागतं, पण ते लिहितं. म्हणून इमेजवर एक ओव्हरले चढवला: वाचन इमेजमधून होतं, लिहिणं वेगळ्या फाइलमध्ये जातं, इमेज अबाधित राहते. त्यावर तपासणी चालवल्यावर दोन्ही फोल्डरमधल्या फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' मध्ये आकड्यांच्या नावानं आल्या. फोटोंच्या आतल्या तारखेवरून त्या लग्न-लग्न वेगळ्या करता आल्या. फाइल सिस्टिमचा मुख्य सुपरब्लॉकच गेला असता तर ४ केबी ब्लॉकच्या ईएक्सटी४ मध्ये ३२७६८ व्या ब्लॉकवर त्याची प्रत असते, तिच्यापासून सुरुवात करता येते.

जाता जाता: काही जुन्या, एकाच डिस्कच्या नॅसमध्ये ईएक्सटी४ चा ब्लॉक ६४ केबीचा असतो आणि साध्या संगणकावरच्या लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या तो माउंट करायला नकार देतात. ते बिघाडाचं लक्षण नाही. फ्यूज-ईएक्सटी२ किंवा डीबगएफएसनं अशा फाइली काढता येतात.

कोणत्या फाइलींना फटका बसला?

२.९ टीबीमध्ये ४१ एमबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते ४१ एमबी कुणाच्या तरी सप्तपदीवर पडलेले असू शकतात, आणि फाइल नाव-आकारासह दिसते, कॉपीही होते. बिघाड उघडल्यावरच कळतो. ग्राहकाकडे गेल्यावर कळण्यापेक्षा आधी यादी हवी.

डीडीरेस्क्यूमध्ये यासाठी भरण्याची सोय आहे. एका लहान फाइलमध्ये एरवी कुठेही न सापडणारी अक्षरांची ओळ लिहायची आणि मॅपफाइलमध्ये 'खराब' म्हणून असलेल्या जागांवर तीच ओळ भरायला सांगायचं. मग माउंट केलेल्या फाइलींमध्ये ती ओळ शोधली की बाधित फाइलींची यादी तयार. हे दुसऱ्या, ताज्या ओव्हरलेवर आणि मॅपफाइलच्या प्रतीवर करावं, आणि फाइली काढून झाल्यानंतरच. नाहीतर ती ओळ फाइल सिस्टिमच्या याद्यांवरही जाऊन बसते.

यादीत दोनशेच्या आसपास फाइली आल्या. आता जुन्या डिस्कचा उपयोग. सेक्टर उचलून सेक्टरच्या जागी ठेवायचा विचार इथे मनात येतो, कारण दोन्ही डिस्कची मांडणी तंतोतंत सारखी आहे. तो टाळला. सहा महिन्यांत काही जागा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. जुना सेक्टर नव्या फाइलच्या पोटात गेला तर बिघाड लपतो, आणि तो शून्यांपेक्षा वाईट. म्हणून जुळवणी फाइलच्या पातळीवर केली: तोच मार्ग, तेच नाव, तोच आकार, तीच बदलाची वेळ असेल तरच जुन्या डिस्कवरची फाइल घ्यायची.

बदलाच्या तारखेवर एकट्यानं विसंबता येत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डवरून कॉपी केलेल्या फोटोवर कार्डातली तारीखच राहते. ऑक्टोबरचा फोटो जानेवारीत नॅसवर आलेला असू शकतो. म्हणून 'फाइल जुन्या डिस्कवर प्रत्यक्ष आहे का' हीच कसोटी. आणि दोन्ही डिस्कच्या प्रती एकाच वेळी जोडल्या नाहीत. दोन्हींच्या रेडची आणि एलव्हीएमची ओळख एकच असल्यामुळे सिस्टिम गोंधळते. आधी इमेजमधलं सगळं बाहेर काढलं, सगळं सोडवलं, मग जुन्या डिस्कची प्रत जोडली.

बाधित फाइलींपैकी मोठा भाग असा परत मिळाला. शिवाय न बाधलेल्या, दोन्हीकडे असलेल्या फाइलींची चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) लावून तुलना केली. आजारी डिस्कनं चूक न सांगता भलतंच वाचून दिलं असेल तर ते इथे उघडं पडतं. तसं काही आढळलं नाही.

उरल्या नोव्हेंबरनंतरच्या चाळीसेक फाइली. त्यांचं प्रकारानुसार वेगवेगळं करावं लागतं.

जेपेग फोटोत मध्ये ४ केबी गेले की त्या ओळीपासून खालचा भाग करडा होतो किंवा सरकतो. वरचा भाग चांगला असेल तर कातरून वापरता येतो. रॉ फाइलमध्ये मात्र बहुधा मोठ्या आकाराचा जेपेग प्रीव्ह्यू दडलेला असतो. रॉचा मजकूर खराब असला तरी हा प्रीव्ह्यू काढता येतो, आणि अल्बमच्या पानाला तो पुष्कळदा पुरतो. अनेक रॉ असेच वाचले.

व्हिडिओत एमटीएस फाइली सोशिक असतात, एखादं-दीड सेकंद चित्र फाटतं आणि पुढे चालतात. एमपी४ तशा नाहीत. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका कॅमेरे बहुधा फाइलच्या शेवटी लिहितात. तीच गेली तर बाकी सगळं शाबूत असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक या साधनानं अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. नमुना दुसऱ्या कॅमेऱ्याचा चालत नाही.

यानंतरही जे उरलं त्यासाठी संगणक सोडून बाहेर पाहिलं. अलीकडच्या लग्नांची कार्डं अजून पुन्हा वापरली गेली नव्हती, फॉरमॅट झालेल्या एका कार्डातून फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनानं फोटो काढले. अल्बमच्या तयार शीट्स छपाईच्या लॅबला पाठवलेल्या होत्या, तिथून त्या परत मागवल्या. ग्राहकांना दिलेले पेनड्राइव्ह होते. फोटोरेक थेट नॅसच्या इमेजवर चालवायची गरज पडली नाही, आणि ते बरंच झालं. त्यातून फाइलींची नावं आणि फोल्डर जातात, हजारो फोटो आकड्यांच्या नावानं हाती येतात, आणि तुकड्या-तुकड्यांत पडलेले व्हिडिओ बहुधा अर्धवटच निघतात.

शेवटी न मिळालेल्या मोजक्या फाइलींची यादी लग्नाच्या फोल्डरनिहाय मालकांना दिली: कोणता फोटो, किती भाग दिसतो, त्याच क्षणाचा शेजारचा फोटो कोणता.

नव्यानं मांडणी

नॅसचा बॉक्स स्वतः चांगला होता. पहिल्या खान्याचा कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, अडॅप्टर बदलला. बॉक्स फळीवरून काढून आतल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर, मागे वीतभर मोकळी जागा ठेवून बसवला. जाळी दर महिन्याला साफ करायची, जिनिंगच्या हंगामात दर पंधरवड्याला. दोन नव्या नॅस डिस्क वेगवेगळ्या खेपेतल्या घेतल्या. छोटा यूपीएस यूएसबीनं नॅसला जोडला, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत नॅस स्वतःच नीट बंद होतो. स्मार्टची छोटी चाचणी आठवड्याला, रेडची पूर्ण तपासणी महिन्याला, तीही उन्हाळ्यात रात्री. इशारे मालकांच्या आणि एडिटरच्या, दोघांच्या मोबाइलवर. बझर बंद करायचं बटण आता पासवर्डच्या मागे आहे.

८ टीबीची डिस्क बॅकअपसाठी ठेवली. ती दर रविवारी जोडायची, प्रत झाली की काढून मालकांच्या घरी न्यायची. महिन्यातून एकदा तिच्यावरचं कुठलंही एक लग्न उघडून, दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहायचे.

मूळ दोन डिस्क तीन महिने तशाच ठेवायच्या, तोवर स्टुडिओनं सगळे फोल्डर वापरून पाहिलेले असतील. त्यानंतर पहिल्या खान्यातली निरोगी डिस्क पूर्ण शून्यांनी भरून, लांब चाचणी लावून, ती पास झाली तर जास्तीच्या प्रतीसाठी वापरायची. आजारी डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची नाही. तिच्यावर गावातल्या शेकडो घरांचे फोटो आहेत आणि ती आता नीट पुसताही येत नाही. ड्रिलनं प्लॅटरला तीन-चार भोकं पाडायची, मगच ती ई-कचऱ्यात द्यायची.